बंदुकांचा कारागीर : जॉन ब्राउनिंग

धानाच्या बांध्या पोटरीला आल्या की आमच्या भंडारा जिल्ह्यात जागलीचे दिवस सुरू होतात. कोका, नागझिरा आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला या जंगलांच्या कडेला असलेल्या गावांना हे सांगायला नको. रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत बांधीभर धान तुडवून जातो आणि चार महिन्यांची मेहनत चिखलात मिळते. मग गावच्या पारावर हमखास एक विषय निघतो : बंदूक घ्यावी का, आणि घेतलीच तर कोणती? आजोबांच्या काळातली ठासणीची भरमार, दोन नळ्यांची दुनळी, की पुढची मूठ मागेपुढे ओढून चालणारी पंप बंदूक? स्वस्त कोणती, टिकाऊ कोणती, घराच्या रक्षणाला कोणती बरी? शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला ही चर्चा लहानपणापासून पाठ आहे. ज्या माणसाने या पंप बंदुकीला खऱ्या अर्थाने रूप दिले त्याचे चरित्र मात्र फार उशिरा वाचनात आले. ते वाचल्यावर पारावरच्या त्या प्रश्नाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. म्हणूनच त्या माणसाची ओळख माझ्या विद्यार्थी मित्रांना व गुरुजनांना करून द्यावीशी वाटते.

जॉन मोझेस ब्राउनिंग याचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील युटा प्रांतात ऑग्डेन या गावी झाला. त्याचे वडील जोनाथन हे मॉर्मन पंथाचे अनुयायी व व्यवसायाने बंदुकांचे कारागीर. तीन बायका आणि बावीस मुले असा त्यांचा प्रचंड संसार होता. दुकानात लोहाराचा भाता, लेथ आणि मोडक्या बंदुकांचा ढीग असे. आपल्याकडे सुताराचे पोर जसे रंध्याशी खेळत मोठे होते, तसाच जॉन त्या भंगारात वाढला. अगदी कोवळ्या वयात त्याने टाकाऊ सामानातून भावासाठी एक बंदूक जुळवली होती. शाळेचे शिक्षण बेताचेच. पण समोरचे यंत्र कुठे अडते आणि का अडते, हे त्याला बोटांनीच कळत असे.

१८७९ साली वडील वारले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला जॉनला त्याच्या पहिल्या एकबारी रायफलीचे पेटंट मिळाले. भावांनी मिळून छोटासा कारखाना काढला आणि ती रायफल हातांनी घडवून विकायला सुरुवात केली. त्यांतली एक विंचेस्टर या बड्या कंपनीच्या नजरेस पडली. १८८३ साली कंपनीचा अधिकारी बेनेट थेट ऑग्डेनला आला आणि ८,००० डॉलर देऊन त्याने त्या रायफलीचे हक्क विकत घेतले. आडगावच्या या कारागिराची आणि त्या मोठ्या कंपनीची सोबत पुढे जवळजवळ वीस वर्षे टिकली.

या काळात कंपनीने त्याच्याकडे छऱ्याची अनेकबारी बंदूक मागितली. विंचेस्टरचे नाव चापाखालच्या लोखंडी दांड्यावर, म्हणजे लिव्हरवर चालणाऱ्या रायफलींमुळे झाले होते. तेव्हा बंदूकही तशीच हवी, असा कंपनीचा आग्रह. ब्राउनिंगला मात्र छऱ्याच्या बंदुकीला सरकती मूठ अधिक सोयीची वाटत होती. त्याने मागणीप्रमाणे १८८७ ची लिव्हरची बंदूक करून दिली खरी, पण आपला विचार सोडला नाही. पुढे त्याच विचारातून १८९३ ची पंप बंदूक बाजारात आली आणि तिच्यात सुधारणा होऊन १८९७ ची प्रसिद्ध बंदूक तयार झाली. मुठीने चालणारी बंदूक ख्रिस्तोफर स्पेन्सर याने त्याआधीच केली होती; परंतु ती सामान्य माणसाच्या घरात पोहोचवली ब्राउनिंगने.

तिची रचना समजायला अवघड नाही. नळीच्या खाली दुसरी एक नळी असते. तिच्यात पाच काडतुसे एकामागे एक बसतात. डाव्या हातातली लाकडी मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि घोडा मागे जातो. मूठ पुढे ढकलली की नवे काडतूस वर उचलले जाऊन नळीत बसते व दार बंद होते. सारे काम माणसाच्या हाताच्या जोरावर होत असल्याने काडतूस थोडे कमीजास्त जोराचे असले तरी यंत्र अडत नाही. त्याच सुमारास काळ्या दारूच्या जागी बिनधुराची दारू आली होती. तिचा दाब जास्त, म्हणून १८९७ च्या बंदुकीची चौकट वरून बंद करून अधिक मजबूत केली गेली. साध्या घडणीची ही बंदूक २५ डॉलरला मिळे, तर नक्षीकाम केलेल्या बंदुकीला १०० डॉलर पडत. नक्षीने नेम सुधारत नाही हे तिथल्या शेतकऱ्यालाही कळत होते. १९५७ पर्यंत या जातीच्या दहा लाखांहून अधिक बंदुका तयार झाल्या.

बिनधुराच्या दारूचा उल्लेख आला म्हणून सांगतो. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात १९६४ पासून उभ्या असलेल्या आयुध निर्माणीचे कामच मुळी ही दारू तयार करण्याचे. जानेवारी २०२५ मध्ये तिथे झालेल्या स्फोटात काही कामगारांचे प्राण गेले. बंदुकीच्या गोष्टीत चाप ओढणाऱ्याचेच नाव येते. दारू घोटणारे हात मात्र कुणाला आठवत नाहीत. आपल्या जिल्ह्याने तरी ते विसरू नयेत.

१९०२ साली विंचेस्टरशी ब्राउनिंगचे बिनसले. त्याने आपोआप भरणारी बंदूक तयार केली होती आणि या वेळी एकरकमी किंमत न घेता प्रत्येक बंदुकीमागे हिस्सा मागितला. कंपनीने नकार दिला. मग तो रेमिंग्टन कंपनीकडे गेला, पण भेट ठरलेल्या दिवशीच तिचे अध्यक्ष हृदयविकाराने वारले. खचून न जाता त्याने बेल्जियम गाठले आणि हेर्स्टाल येथील कारखान्याशी करार केला. आपल्या श्रमाचे मोल मागण्यासाठी समुद्र ओलांडणारा हा कारागीर मला त्याच्या बंदुकांहून मोठा वाटतो.

त्याच्या नावावर १२८ पेटंटे जमा झाली. पण या यशाला दुसरीही बाजू आहे आणि ती झाकून चरित्र लिहू नये. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज ज्या पिस्तुलाने मारला गेला ते ब्राउनिंगच्याच रचनेचे होते. त्यानंतर पेटलेल्या महायुद्धात त्याच्याच मशीनगनी वापरल्या गेल्या. शिकारीसाठी जन्मलेली १८९७ ची पंप बंदूक आखूड होऊन खंदकांत उतरली. तेथे ती इतकी भयंकर ठरली की १९१८ साली जर्मनीने तिच्या वापराविरुद्ध औपचारिक निषेध नोंदवला. ब्राउनिंगने युद्धकाळात आपल्या सरकारकडून मिळू शकणाऱ्या रकमेच्या मानाने कितीतरी कमी पैसे घेतले, हे त्याच्या देशप्रेमाचे लक्षण खरेच. तरी घडवणाऱ्याच्या हातून सुटलेली वस्तू कुणाच्या हाती जाईल यावर त्याचा ताबा उरत नाही, हेही तितकेच खरे.

आयुष्याच्या अखेरीस तो पुन्हा छऱ्याच्या बंदुकीकडेच वळला. एकीवर एक अशा दोन नळ्यांची बंदूक तोवर श्रीमंतांची चैन होती. ती बेताच्या ऐपतीच्या माणसालाही घेता यावी म्हणून तो खपत होता. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेर्स्टालच्या कारखान्यातच हृदय बंद पडून त्याचा अंत झाला. अपुरे काम त्याचा मुलगा व्हॅल याने पुरे केले.

आता पारावरच्या प्रश्नाकडे येतो. स्वस्त बंदूक म्हणजे कमी पैशांची बंदूक नव्हे. जिची रचना साधी, जिची काडतुसे सहज मिळतात, जिचा दस्ता खांद्याला नीट बसतो आणि जी वर्षानुवर्षे अडत नाही, ती खरी स्वस्त. दुनळी मोडून पाहिली की भरलेली आहे की रिकामी हे एका नजरेत कळते. पंप बंदुकीत नळी रिकामी दिसली तरी खालच्या नळीत काडतूस दडलेले असू शकते. ज्या घरात लहान मुले वावरतात तिथे हा फरक किमतीपेक्षा मोठा मानला पाहिजे.

शिवाय, ब्राउनिंगच्या ऑग्डेनमधला शिकारी आणि आमच्या साकोली-लाखनीकडचा शेतकरी यांत कायद्याचे अंतर आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. संरक्षणासाठी घेतल्या जाणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीची नळी निदान वीस इंच हवी, तर पीकरक्षणासाठी त्या कायद्यात मुख्यतः उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संपल्यातच जमा आहे. पिकाची नासधूस करणारे डुक्कर मारायचे तरी वनखात्याची परवानगी लागते. तेव्हा पंप बंदुकीची ती झटपट पाच काडतुसे आमच्या बांधीवर फारशी उपयोगाची नाहीत. सौर कुंपण, गटागटाने केलेली जागल आणि नुकसानभरपाईसाठी वेळेवर दिलेला अर्ज यांतून जितके धान वाचेल, तितके एका बंदुकीने वाचेल असे मला वाटत नाही. एवढे करूनही कुणाला घराच्या रक्षणासाठी परवाना घ्यावासा वाटला, तर त्याने साधी दुनळी घ्यावी, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावी आणि नक्षीचे पैसे मुलांच्या शिक्षणाला लावावे.