मागे राहिलेली सहधर्मिणी : कै. लक्ष्मीबाई टिळक

आमच्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत एक दुःख वारंवार दृष्टीस पडते. घरधनी प्रभूचा शिष्य होतो, बाप्तिस्मा घेतो, आणि कारभारीण लेकरांसह मागे राहते. माहेरची माणसे तीस घेऊन जातात. इकडे मंडळीतले लोक अधीर होतात. कोणी तीस हट्टी म्हणतो, कोणी अज्ञानी म्हणतो. अशा घरची हकीकत कानी आली म्हणजे आम्हांस कै. लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. रेव्ह. नारायण वामन टिळकांची भजने आमच्या भगिनी मोठ्या प्रेमाने म्हणतात. परंतु त्या भक्त कवीची पत्नी किती दिवस त्यांच्या देवाच्या दारापासून दूर उभी होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकाजवळच्या जलालपूर या गावी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. घरी मनू म्हणत. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांस फाशी झाली, आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांचे मन एका विलक्षण सोवळ्यात शिरले. बाजारातून आलेले धान्य तर धुतले जाईच, पण मीठसुद्धा धुऊन घ्यावे लागे! मीठ धुतल्यावर मागे किती उरत असेल, हे आमच्या गृहिणींनीच सांगावे. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या हाडीमाशी विटाळाचे भय कसे खिळले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. टिळक कवी, विद्वान, अंतःकरणाचे उदार. परंतु संतापी आणि एका ठिकाणी न टिकणारे. न सांगता घराबाहेर पडावे, आज या गावी तर उद्या त्या, असा त्यांचा क्रम. संसाराचे ओझे बहुधा पत्नीच्याच माथी पडे. मात्र एक गोष्ट त्यांनी केली: पत्नीस वाचावयास शिकविले. जोडाक्षरे लिहिताना लक्ष्मीबाईंची जन्मभर तारांबळ उडाली, तरी ते शिक्षण पुढे कसे फळास आले, ते येईलच.

1893 साली टिळक नागपुराहून राजनांदगावास चालले असता आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचून त्यांचे मन जिंकले गेले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो दिवस त्यांनी पत्नीस आधी कळविला नव्हता. टिळकांविषयी आमचा आदर मोठा आहे, तरी येथे आम्ही त्यांची बाजू घेऊ शकत नाही. जिच्याशी सप्तपदी चाललो तीस सांगण्याचे धैर्य झाले नाही, आणि त्याचा सारा भार तिने सोसला.

लक्ष्मीबाईंचे वय त्या वेळी सव्वीस. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत, तरी संसार संपलेला; कपाळी कुंकू, तरी लोकांच्या नजरेत विधवेपेक्षा निराळी नाही. शोकाने त्या वेड्यापिशा झाल्या. आप्तांनी त्यांस सांभाळले, व पंढरपुरास त्या आपल्या बहिणीच्या आश्रयास राहिल्या. दुःख अनावर होई तेव्हा त्या कविता रचीत. अशी चार-पाच वर्षे गेली. टिळकांची पत्रे येत राहिली. दोघांमधला धागा ताणला गेला, पण तुटला नाही.

शेवटी दत्तूस घेऊन त्या नगरास पतीकडे आल्या. ख्रिस्ती होण्याकरिता मात्र त्या आल्या नव्हत्या. चूल निराळी, पाणी निराळे, देव निराळे. एका ख्रिस्ती उपदेशकाच्या बिऱ्हाडी त्याची बायको सोवळे पाळते, हा देखावा मंडळीस कसा वाटला असेल! टिळकांनी या वेळी मात्र मोठा संयम ठेवला. ज्या संतापी माणसास क्षुल्लक गोष्टी सहन होत नसत, त्याने आपल्याच घरातले हे सोवळे सहन केले. पत्नीवर त्यांनी बळजबरी केली नाही. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या दिवसापेक्षा या दिवसांत त्यांचा ख्रिस्तीपणा आम्हांस अधिक दिसतो.

लक्ष्मीबाईंच्या मनातील गाठ कोणाच्या व्याख्यानाने सुटली नाही. एके दिवशी त्या आपणाशीच विचार करू लागल्या की, देवाने जर जाती केल्या असत्या तर पशुपक्ष्यांप्रमाणे माणसांच्या देहांवरही त्यांच्या खुणा दिसल्या असत्या. त्यांस दिसले ते इतकेच, की एक पुरुष आहे व एक स्त्री आहे. बाकीची उतरंड माणसांनी रचिली. हा निश्चय झाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. ज्या घरी मीठ धुतले जाई त्या घरची ही लेक! ज्यांची सावलीही तिच्या वडिलांस चालत नसे, त्यांच्या पंक्तीस ती आपणहून बसली. ख्रिस्तावरील विश्वास यानंतर आला, हे आमच्या उपदेशकबंधूंनी ध्यानात घ्यावे. 1900 साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. पतीच्या मागोमाग ओढल्या गेल्या असे कोणास म्हणता येणार नाही.

तो काळ छप्पन्नच्या दुष्काळाचा. निराधार लेकरे गावोगाव भटकत होती, आणि टिळकांच्या घरी ती जमू लागली. टिळक मुलांस घरी आणीत. त्यांस न्हाऊ-माखू घालणे, खाऊ घालणे हे काम लक्ष्मीबाईंचे. पुढे नगरास मुलींच्या शाळेत प्लेगचा शिरकाव झाला, तेव्हा आजारी मुलींच्या सोबतीस त्या राहिल्या. स्पर्शाचे भय ज्या मनात बालपणी पेरले होते, त्या मनाने आता प्लेगच्या रोग्यास स्पर्श केला. हे बळ त्यांस कोठून आले, ते आम्ही वेगळे काय सांगावे.

9 मे 1919 रोजी टिळक प्रभूकडे गेले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या पुढे होत्या. मागे संपत्ती नव्हती. एक अपुरे काव्य मात्र होते. प्रभूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा टिळकांचा संकल्प होता, पण त्या ‘ख्रिस्तायना’चे अकराच्या सुमारास अध्याय झाले तोच त्यांचे आयुष्य संपले. जोडाक्षरांशी झगडणाऱ्या या विधवेने ते काम हाती घेऊन आणखी 64 अध्याय रचिले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या नावाने तिचे घर मोडले, त्याच नावाचे चरित्र तिने आपल्या ओव्यांनी पूर्ण केले.

1933 साली नागपुरास मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले, त्याच्या त्या अध्यक्ष होत्या. पुढल्या वर्षी ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी पतीचे दोष झाकले नाहीत, स्वतःचेही नाहीत. आणि सोवळ्याच्या दिवसांचे वर्णन तर इतके विनोदाने केले की वाचणाऱ्यास हसता हसता डोळे पुसावे लागतात. ज्यांनी त्यांस बोल लाविला त्यांच्याविषयीही त्यांच्या लेखणीत कडवटपणा नाही. ज्यास अक्षरओळख आहे त्याने हे पुस्तक मिळवून घरी मोठ्याने वाचावे. ते बोलीभाषेत आहे, म्हाताऱ्याकोताऱ्यांस सहज समजते.

24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे, जेथे बालपण गेले त्याच गोदेच्या काठी, त्यांनी देह ठेविला. आत्मचरित्राचा शेवटचा भाग लिहावयाचा राहिला होता. तो त्यांच्या पुत्राने पुरा केला. पंढरपुरास आईच्या कडेवर असलेला तोच हा दत्तू.