मलिक अंबर

मलिक अंबर (जन्म: इ.स. १५४८ च्या सुमारास, इथिओपिया, मृत्यू: मे १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर, सेनापती आणि दख्खनमधील महसूल व्यवस्थेचा एक प्रमुख शिल्पकार होता. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या या हबशी पुरुषाने मोगल सत्तेला सुमारे पंचवीस वर्षे दख्खनमध्ये स्थिरावू दिले नाही. खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) या नगराचा तो संस्थापक होय.

पूर्वायुष्य

मलिक अंबरचा जन्म इथिओपियाच्या हरार परिसरात झाला असे मानले जाते. त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगितले जाते. लहानपणीच त्याची विक्री झाली. पुढे बगदाद येथील मीर कासिम या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले, शिक्षण दिले आणि अंबर हे नाव ठेवले. हिशेब व कारभार यांची त्याची ओळख येथेच झाली. १५७० च्या दशकाच्या आरंभी तो दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या सेवेत दाखल झाला. चंगेजखान स्वतःही हबशी असून एके काळी गुलाम होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर गुलामगिरीतून मुक्त झाला. त्यानंतर काही काळ त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली. मलिक हा किताब त्याला तेथेच मिळाला. इ.स. १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परतला.

निजामशाहीची पुनर्स्थापना

इ.स. १६०० मध्ये चांदबिबीच्या मृत्यूनंतर अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला आणि निजामशाही बुडाल्यात जमा झाली. अंबरने राजघराण्यातील मुर्तझा निजामशाह दुसरा याला परांडा येथे गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला. राजू दख्खनी या प्रतिस्पर्ध्याचा पाडाव करून त्याने जुन्नर येथे राजधानी नेली. पुढे दौलताबाद हे राज्याचे केंद्र झाले.

भौगोलिक परिस्थिती

निजामशाहीचा मुलूख दोन भिन्न प्रदेशांत विभागलेला होता. सह्याद्रीच्या पूर्वेस कमी पावसाचे पठार आणि पश्चिमेस भातशेतीचे उत्तर कोकण, अशी त्याची रचना होती. जुन्नरहून नाणेघाट व माळशेज घाट उतरले की आजच्या मुरबाड तालुक्याचा, म्हणजे धसई व आसपासच्या गावांचा, मुलूख लागतो. येथून वाट कल्याणच्या बंदराकडे जाते. शहापूरजवळचा माहुली किल्ला या भागातील महत्त्वाचे ठाणे होता. घाटवाटा, गिरिदुर्ग आणि दाट रान यांचा उपयोग अंबरने युद्धात कौशल्याने केला. मोठ्या मोगल फौजेशी उघड्या मैदानावर लढण्याचे टाळून तिची रसद तोडणे, छावणीवर अचानक घाला घालणे आणि डोंगरात नाहीसे होणे, ही गनिमी काव्याची पद्धत त्याने मराठा घोडदळाच्या साह्याने अवलंबिली.

महसूल व्यवस्था

अंबरची कायम टिकलेली कामगिरी म्हणजे त्याची जमीनधारा पद्धत. तत्पूर्वी सारावसुलीचा मक्ता दिला जाई आणि मक्तेदार आपला नफा रयतेकडून काढून घेई. अंबरने मक्तेदारी बंद केली. जमिनीची पाहणी करून तिची प्रत ठरवली, बागायत व जिरायत असा भेद केला आणि प्रत्यक्ष पिकावर सारा बसवला. सुरुवातीला उत्पन्नाचा सुमारे दोन पंचमांश भाग धान्यरूपाने घेतला जाई. पुढे रोखीत सुमारे एक तृतीयांशाएवढी आकारणी ठरली. गावातील पाटील, कुलकर्णी व देशमुख यांच्याकडे वसुलीची जबाबदारी सोपवली आणि मिरासदारांचे जमिनीवरील वंशपरंपरागत हक्क मान्य केले. पीक बुडाले तर भार हलका व्हावा, हे या पद्धतीचे मर्म होते. सततच्या युद्धांमुळे ओस पडलेली गावे वसावीत, हा त्यामागील हेतू होता. युद्धाचा खर्चही अखेर त्याच रयतेच्या श्रमातून उभा राहणार होता. ही व्यवस्था मलिकंबरी धारा म्हणून ओळखली गेली आणि पुढील काळातील मराठा कारभारातही तिचा उल्लेख येत राहिला.

नगररचना व पाणीपुरवठा

इ.स. १६१० मध्ये अंबरने खडकी गाव वसवून तेथे राजधानी केली. भडकल दरवाजा ही त्याच्या काळातील वास्तू आजही उभी आहे. शहराला पाणी पुरवण्यासाठी त्याने भूमिगत कालव्याची व्यवस्था केली. नहर-ए-अंबरी या नावाने ती प्रसिद्ध आहे. इ.स. १६१६ मध्ये मोगल फौजेने खडकीची नासधूस केली, तरी शहर पुन्हा उभे राहिले.

भातवडीची लढाई व अखेर

इ.स. १६२४ मध्ये मोगल व आदिलशाही फौजा एकत्र येऊन अंबरवर चालून आल्या. अहमदनगरजवळच्या भातवडी येथे त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला आणि निर्णायक विजय मिळवला. या लढाईत शहाजीराजे भोसले यांनी पराक्रम गाजवला, तर त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. मात्र विजयानंतर अंबरच्या वर्तनाने शहाजीराजे नाराज झाले आणि काही काळ आदिलशाहीकडे गेले.

मे १६२६ मध्ये सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अंबरचे निधन झाले. खुलताबाद येथे त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फतेहखान वडिलांची जबाबदारी पेलू शकला नाही. शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याचा अखेरचा प्रयत्न केला; इ.स. १६३६ मध्ये माहुली किल्ल्यावर मोगल व आदिलशाही फौजांनी त्यांना वेढले आणि तह होऊन निजामशाही संपुष्टात आली. कल्याणसह उत्तर कोकण आदिलशाहीकडे गेले.

मूल्यमापन

जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात अंबरची निर्भर्त्सना केली आहे. बंदुकीच्या गोळीने व बाणाने त्याला संपवता न आल्याची सल बादशहाने चित्रातही व्यक्त करवून घेतली. दख्खनच्या इतिहासात मात्र अंबरची ओळख वेगळी आहे. दूर देशातून बंदिवान होऊन आलेल्या या माणसाने येथील डोंगर, पाणी आणि रयत यांचा विचार राज्यकारभाराच्या केंद्रस्थानी ठेवला. त्याचे राज्य त्याच्यानंतर दहाच वर्षे टिकले. पण त्याने घालून दिलेली धाऱ्याची रीत आणि युद्धपद्धती पुढे मराठी राज्याच्या उभारणीत उपयोगी पडली.