शूबर्ट आणि विस्मृतीत गेलेली सिंफनी

खऱ्या कलावंताची योग्यता काळ ओळखतोच, असे विधान वारंवार केले जाते. उपेक्षितांना त्यातून दिलासा मिळतो आणि उपेक्षा करणाऱ्यांनाही आपली जबाबदारी काळावर सोपवून मोकळे होता येते. फ्रान्झ शूबर्टचे चरित्र मात्र या विधानाला पुरेसा आधार देत नाही. त्याच्या सिंफनी आज जगभर वाजवल्या जातात, याचे श्रेय काळापेक्षा काही थोड्या माणसांच्या खटपटीला द्यावे लागेल.

शूबर्टचा जन्म ३१ जानेवारी १७९७ रोजी व्हिएन्नाच्या एका उपनगरात झाला. वडील शाळामास्तर होते. १८०८ मध्ये आवाजाच्या गुणावर त्याला दरबारी प्रार्थनामंदिराच्या गायकवृंदात प्रवेश मिळाला आणि पुढे सालिएरीसारख्या नामवंत संगीतकाराचे मार्गदर्शनही लाभले. तथापि १८१४ पासून त्याला वडिलांच्याच शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून उभे राहावे लागले. लहान मुलांना मुळाक्षरे शिकवीत असतानाच, १८१५ या एका वर्षात, त्याने सुमारे १४० गीते रचली. संगीतशिक्षकाच्या जागेसाठी १८१६ मध्ये केलेला अर्ज नामंजूर झाला; दरबारातील दुय्यम संगीतप्रमुखाचे पद १८२६ मध्ये मागितले, तेही मिळाले नाही. कायमची नोकरी त्याच्या नशिबी नव्हती.

गीतकार म्हणून त्याचे नाव त्याच्या हयातीतच बऱ्यापैकी झाले होते. एक गायक आणि एक पियानो एवढ्या सामग्रीवर गीत कोणाच्याही दिवाणखान्यात सादर होऊ शकते. सिंफनीचे तसे नाही. तिच्यासाठी वादकांचा मोठा ताफा लागतो, प्रत्येक वाद्याची स्वरलिपी स्वतंत्रपणे उतरवून घ्यावी लागते, तालमी घ्याव्या लागतात आणि या सर्वांचा खर्च सोसणारी संस्था लागते. कागदावरची सिंफनी वाजेपर्यंत मुकीच असते. शूबर्टच्या आरंभीच्या सिंफनी हौशी वादकांच्या खासगी बैठकींपलीकडे गेल्या नाहीत.

त्याची सी मेजर स्वरातील मोठी सिंफनी मुख्यतः १८२५ व १८२६ या वर्षांतली. ती त्याने व्हिएन्नाच्या संगीतप्रेमी मंडळाला अर्पण केली. मंडळाने १०० फ्लोरिनचे मानधन दिले, वाद्यांच्या प्रतीही करवून घेतल्या. पण रचना फार लांब आणि फार अवघड ठरवून ती बाजूला ठेवली. २६ मार्च १८२८ रोजी, बीथोवनच्या पहिल्या पुण्यतिथीस, शूबर्टने केवळ स्वतःच्या रचनांची जाहीर मैफल केली. तशी ती त्याच्या आयुष्यातील एकमेव. तीत सिंफनी नव्हती. शिवाय तीनच दिवसांनी पॅगनिनीचे व्हायोलिन व्हिएन्नात गाजू लागले आणि शहराचे लक्ष तिकडे गेले. १९ नोव्हेंबर १८२८ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, शूबर्ट मरण पावला. त्याच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंची किंमत ६३ फ्लोरिन धरण्यात आली.

हस्तलिखितांचा मोठा संग्रह त्याचा भाऊ फर्डिनांड याच्याकडे गेला. हाही शिक्षकच. त्याने ते कागद सांभाळले आणि प्रकाशकांचे उंबरठे झिजवले. १८३९ च्या आरंभी रॉबर्ट शूमान व्हिएन्नात त्याच्या घरी आला. शूमान संगीतकार होता, तसाच एका संगीतविषयक नियतकालिकाचा संपादकही होता. त्या ढिगात त्याला ही सिंफनी सापडली. तिची प्रत लाइपझिगला गेली आणि २१ मार्च १८३९ रोजी तेथील गेवांडहाऊसमध्ये मेंडेल्सनच्या संचालनाखाली ती प्रथम वाजली. रचनाकाराला जाऊन दहा वर्षे उलटली होती.

एवढ्याने उपेक्षा संपली असे मात्र नाही. त्याच वर्षअखेरीस व्हिएन्नात तिचे पहिले दोनच भाग वाजवण्यात आले आणि त्यांच्या मध्ये एका इटालियन ऑपेरातील गीत घालण्यात आले. १८४४ मध्ये लंडनला तालमीच्या वेळी शेवटच्या भागातील तेच तेच स्वराकार पाहून वादक हसू लागले, तेव्हा मेंडेल्सनने ती रचना कार्यक्रमातून काढून घेतली.

दुसऱ्या प्रसिद्ध सिंफनीची कथा अधिक विलक्षण आहे. १८२२ मध्ये लिहिलेली आणि अपूर्ण राहिलेली ही सिंफनी शूबर्टचा मित्र आन्सेल्म ह्यूटनब्रेनर याच्याकडे ग्राट्स येथे दशकानुदशके पडून होती. १८६५ मध्ये संचालक हेरबेक तेथे गेला, ह्यूटनब्रेनरची स्वतःची एक रचनाही वाजवण्याचे त्याने मान्य केले, आणि हस्तलिखित मिळवले. १७ डिसेंबर १८६५ रोजी व्हिएन्नाने ही सिंफनी प्रथम ऐकली. १८६७ मध्ये जॉर्ज ग्रोव्ह आणि आर्थर सलिव्हन हे दोघे इंग्रज व्हिएन्नात आले. ‘रोझामुंडे’ या नाटकाचे संगीत १८२३ मधील दोन प्रयोगांनंतर नाहीसे झाले होते. त्याची वाद्यवार स्वरलिपी त्यांना शूबर्टच्या एका नातलगाच्या कपाटात मिळाली. रात्री उशिरापर्यंत बसून त्यांनी तिची नक्कल केली.

हा प्रश्न केवळ एकोणिसाव्या शतकापुरता नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीतकार फ्लॉरेन्स प्राइस हिची पहिली सिंफनी शिकागोच्या वाद्यवृंदाने १९३३ मध्ये वाजवली होती. १९५३ मध्ये ती वारली आणि हळूहळू तिचे नाव मागे पडले. २००९ मध्ये इलिनॉय राज्यातील एका ओसाड घरात तिच्या हस्तलिखितांचा मोठा साठा मिळाला, तेव्हा कुठे तिच्या रचना पुन्हा मंचावर येऊ लागल्या.

शूबर्टची सिंफनी नाकारणारे मंडळ दुष्ट नव्हते. त्याने मानधन दिले, प्रती केल्या, कागद जपूनही ठेवले. उणीव राहिली ती सोयीपलीकडे जाऊन आणखी थोड्या तालमी घेण्याची. गुणग्राहकतेच्या अभावाइतकेच अशा छोट्या आळसानेही कलेचे नुकसान होते. फर्डिनांडला त्या सिंफनीचे मोल किती उमगले होते हा प्रश्न गौण आहे. भावाचे कागद त्याने रद्दीत जाऊ दिले नाहीत आणि दारी आलेल्या पाहुण्यापुढे ते उघडून ठेवले. न वाजलेल्या संगीताची बाजू काळ मांडत नाही; ते काम कोणा शाळामास्तराला, संपादकाला किंवा संचालकालाच करावे लागते.