विश्लेषण : नगरच्या रणगाडा संग्रहालयातली ‘सिल्व्हर घोस्ट’ कोणाची निर्मिती? इंजिनातल्या एका दात्याची चूक किती महागात पडते?

अहिल्यानगर शहरालगतच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रणगाड्यांच्या गर्दीत एक चिलखती मोटार उभी आहे. रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ गाडीवर पोलादी कवच चढवून ती तयार झाली. या गाडीचे इंजिन घडवणारे हेन्री रॉइस यांचे शिक्षण जेमतेम, बालपण उपासमारीत गेलेले. जुन्या गाडीचे इंजिन उघडणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीला आजही ज्या बारकाव्यांकडे लक्ष द्यावे लागते, त्याच बारकाव्यांवर रॉइस यांनी आयुष्य उभे केले. त्यासाठी प्रकृतीची मोठी किंमतही मोजली.

नगरमध्ये ही गाडी का?

नगर हे चिलखती दलाचे गाव. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल येथेच आहे आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी ‘व्हीआरडीई’ ही संस्थाही येथेच. कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ मध्ये सुरू झाले. वेगवेगळ्या देशांचे सुमारे ५० रणगाडे व चिलखती वाहने तेथे पाहायला मिळतात. त्यांतल्या सर्वांत जुन्या वाहनांत या सिल्व्हर घोस्टची गणना होते. घोडदळ जाऊन इंजिन कसे आले, ही गोष्ट तिच्यापासून सुरू होते.

हेन्री रॉइस कोण होते?

फ्रेडरिक हेन्री रॉइस यांचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधील पीटरबरोजवळच्या अल्वाल्टन या खेड्यात झाला. वडील पिठाची गिरणी चालवत. धंदा बुडाला, कुटुंब लंडनला गेले आणि १८७२ मध्ये वडील वारले. नऊ वर्षांच्या हेन्रीवर कमाईची वेळ आली. त्याने वर्तमानपत्रे विकली, तारा पोहोचवल्या. शाळेत तो जेमतेम वर्षभर बसला असेल.

पुढे एका आत्याने पैसे भरले म्हणून पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात त्याला उमेदवारी मिळाली. कानस कशी धरावी, सांधा कसा जुळवावा, हे तो तेथे शिकला. तीन वर्षांत आत्याचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्धवट सुटली. लीड्सच्या एका हत्यारांच्या कारखान्यात काम केल्यावर तो लंडनला एका वीज कंपनीत लागला. वीज तेव्हा नवी होती आणि तिचे जाणकार थोडे होते. पदवी नसलेल्या तरुणाला तेथे जागा मिळाली. रात्री वर्गाला जाऊन त्याने राहिलेले शिक्षण भरून काढले.

१८८४ मध्ये अर्नेस्ट क्लेअरमाँट या भागीदारासह रॉइस यांनी मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर छोटा कारखाना टाकला. रॉइस यांची स्वतःची गुंतवणूक होती २० पौंड. आधी विजेच्या घंटा, मग डायनामो, मग विजेवर चालणाऱ्या क्रेन, असा कामाचा विस्तार होत गेला. रॉइस यांची क्रेन महाग असते, पण बिघडत नाही, असे नाव झाले.

मोटारीकडे ते कसे वळले?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वस्त परदेशी क्रेन बाजारात आल्या आणि धंदा मंदावला. दर्जा उतरवून किंमत कमी करायला रॉइस तयार नव्हते. याच सुमारास त्यांनी ‘देकोव्हिल’ ही जुनी फ्रेंच मोटार घेतली. ती सुरू व्हायला त्रास देई आणि चालताना आवाज करी. रॉइस यांनी तिचा भाग न भाग सुटा केला, प्रत्येकातले दोष शोधले आणि स्वतः गाडी बांधायला घेतली.

दोन सिलिंडरची, १० अश्वशक्तीची पहिली रॉइस मोटार १ एप्रिल १९०४ रोजी कारखान्याबाहेर पडली. तिच्यात जगावेगळा शोध नव्हता. भाग तेच होते, फक्त प्रत्येक भाग नीट बनवलेला आणि नेमका बसवलेला होता. महिनाभरात, ४ मे १९०४ रोजी, मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात त्यांची भेट चार्ल्स रोल्स यांच्याशी झाली. रोल्स उमराव घराण्यातले, केंब्रिजला शिकलेले आणि मोटारींचे विक्रेते. गाडी पाहून त्यांनी रॉइस बनवतील तेवढ्या गाड्या विकायचे ठरवले. १९०६ मध्ये रोल्स-रॉइस लिमिटेडची स्थापना झाली.

‘सिल्व्हर घोस्ट’ वेगळी का ठरली?

तेव्हा सहा सिलिंडरच्या इंजिनांची एक मोठी अडचण होती. क्रँक लांब असल्याने चालताना पिळवटे, थरथरे आणि प्रसंगी तुटे. रॉइस यांनी क्रँक जाड केला, त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि दाबाने तेल पोहोचवण्याची व्यवस्था केली. सात लिटरचे हे इंजिन तीन-तीन सिलिंडरच्या दोन भागांत ओतलेले होते. ही ‘४०/५०’ गाडी १९०६ च्या अखेरीस लंडनच्या प्रदर्शनात आली. पुढच्या वर्षी तिच्या एका चंदेरी गाडीला ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव दिले गेले आणि पुढे ते साऱ्या मालिकेलाच चिकटले.

१९०७ मध्ये या गाडीची १५ हजार मैलांची, म्हणजे सुमारे २४ हजार किलोमीटरची चाचणी झाली. ६२९ मैलांवर धक्क्याने पेट्रोलचा कॉक बंद झाला आणि गाडी थांबली. नंतरचे १४,३७१ मैल ती बिघाडामुळे एकदाही थांबली नाही. चाचणीनंतर गाडी खोलून झीज मोजली. ती पुन्हा नव्यासारखी करायला लागलेल्या सुट्या भागांची किंमत दोन पौंडांच्या आसपास निघाली.

टायमिंगच्या खुणा म्हणजे काय?

इंजिनात क्रँक पिस्टनला वर-खाली नेतो, तर कॅम व्हॉल्व्ह उघडतो. चार फेऱ्यांच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी व्हावी लागते. म्हणून कॅमच्या चाकावर क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दाते असतात. ही दोन्ही चाके थेट दात्यांनी जोडली तर ते टायमिंग गिअर, मध्ये साखळी आली तर ती टायमिंग चेन. सिल्व्हर घोस्टमध्ये रॉइस यांनी गिअर वापरले.

चाके कोणत्या दात्यावर जुळवायची, हे सांगण्यासाठी त्यांवर ठिपका किंवा रेघ कोरलेली असते. इंजिन पुन्हा बांधताना पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सर्वांत वर आणतात, खुणा समोरासमोर जुळवतात आणि मगच चाके घट्ट करतात. येथे एक फसगत ठरलेली असते. पिस्टन दोन वेळा वर येतो, एकदा दाब देताना आणि एकदा धूर बाहेर टाकताना. ठिणगी पहिल्या वेळेला हवी. खुणा जुळल्या, पण मॅग्नेटो दुसऱ्या वेळेला जुळवला, तर सारे बरोबर दिसूनही इंजिन चालू होत नाही. म्हणून जाणता मिस्त्री क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतो, चाकांच्या खुणा पुन्हा जागेवर आल्या का ते पाहतो आणि मध्ये कुठे अडकले तर जोर लावत नाही.

एक दाता चुकला तर काय होते?

समजा कॅमच्या चाकाला ४० दाते आहेत. एक दाता चुकला तर कॅम ९ अंशांनी आणि क्रँकच्या हिशेबाने व्हॉल्व्ह १८ अंशांनी मागे-पुढे होतात. इंजिन कदाचित चालेल, पण ओढ कमी, तापणे जास्त. सिल्व्हर घोस्टचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असल्याने पिस्टन त्यांना धडकत नाही. नंतरच्या अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर आले. तेथे खुणा बऱ्याच चुकल्या तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतो आणि केलेले सगळे काम पुन्हा उघडावे लागते. नगर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेल्या ट्रॅक्स गाडीचे मर्सिडीज परवान्याचे डिझेल इंजिन चेनवरच चालते. तेथेही नियम हाच. शिवाय चेन जुनी झाली की ताणली जाते आणि खुणा जुळवूनही वेळ थोडी मागे पडते. त्यामुळे इंजिन उघडलेच आहे तर चेन, तिचे गाइड आणि टेन्शनर तपासणे शहाणपणाचे.

ही साखळीही रॉइस यांच्याच परिसरातली. मूळचे स्वित्झर्लंडचे हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डमध्ये १८८० साली बुश रोलर चेन तयार केली. सायकलपासून टायमिंगपर्यंतच्या साखळ्या तिच्याच वंशातल्या.

राजवाड्यातली गाडी रणांगणावर कशी आली?

पहिले महायुद्ध १९१४ मध्ये पेटले, तेव्हा ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेला वेगवान चिलखती गाडी हवी होती. कवचाचे वजन पेलेल आणि वाटेत दगा देणार नाही अशी चासी म्हणून सिल्व्हर घोस्ट निवडली गेली. टी. ई. लॉरेन्स यांनी अरबस्तानच्या वाळवंटात याच गाड्या वापरल्या. युद्धानंतर अशा गाड्या हिंदुस्थानातही आल्या. संस्थानिकांच्या वाड्यासमोर उभी राहणारी आणि सरहद्दीवर गस्त घालणारी गाडी मुळात एकच होती.

रॉइस यांचे पुढे काय झाले?

काम करताना ते जेवण विसरत. दूध आणि पाव घेऊन कारखान्यातली पोरे त्यांच्या मागे फिरत, असे सांगतात. लहानपणीची उपासमार आणि मोठेपणीची ही हेळसांड अखेर भोवली. १९१० मध्ये रोल्स विमान अपघातात वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. त्यानंतर लवकरच रॉइस गंभीर आजारी पडले आणि मोठी शस्त्रक्रिया झाली. कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी त्यांना कारखान्यापासून दूर ठेवले. हिवाळा दक्षिण फ्रान्समध्ये, एरवी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, असा क्रम ठरला. संसार तुटला. एथेल ऑबिन या परिचारिकेने त्यांची शेवटपर्यंत काळजी घेतली.

डर्बीचा कारखाना त्यांना दुरावला, पण काम सुटले नाही. निवडक आराखडेकार जवळ ठेवून ते रेखाटने तपासत आणि सूचना टपालाने पाठवत. याच काळात ‘ईगल’ हे विमानाचे इंजिन आले. अशा दोन इंजिनांच्या विमानातून अल्कॉक आणि ब्राउन यांनी जून १९१९ मध्ये अटलांटिक महासागर न थांबता ओलांडला. १९३१ मध्ये ‘आर’ इंजिनाच्या बळावर विमानाने ताशी ४०० मैलांचा वेग पार केला. त्याआधी, १९३० मध्ये, वर्तमानपत्रे विकणारा तो मुलगा ‘सर’ झाला होता. २२ एप्रिल १९३३ रोजी, सत्तराव्या वर्षी, वेस्ट विटरिंग येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या ‘मर्लिन’ इंजिनाची आखणी त्यांच्या हयातीत सुरू झाली होती. ते चालू झालेले मात्र त्यांनी पाहिले नाही.

आज याचा अर्थ काय?

जुन्या गाडीचे इंजिन उघडले की ती बनवणारे कोणी विचारायला नसतात. त्यांच्या मागे उरतात त्या चाकावरच्या खुणा. उघडण्याआधी त्या पुसून पाहणे, फोटो काढणे, झिजल्या असतील तर स्वतःची खूण करून ठेवणे आणि झाकण लावण्याआधी क्रँक हाताने फिरवणे, याला अर्धा तास पुरतो. रॉइस यांनी कारखान्यात पाऊल न टाकता वीस वर्षे इंजिने घडवली, ती कागदावरच्या अशाच नेमक्या खुणांच्या जोरावर.