उस्ताद अमीर खाँ आणि इंदूरचे घराणे

हिंदुस्थानी संगीतात घराणे म्हटले की तीन-चार पिढ्यांची अखंड गायनपरंपरा, अशी आपली रूढ समजूत आहे. ग्वाल्हेर, आग्रा, किराणा ही नावे तशीच रुजली. इंदूरचे नाव मात्र एका घराण्याला लाभले ते एकाच पुरुषाच्या तपश्चर्येमुळे, आणि तो पुरुष कोणा दरबारी गवयाच्या नव्हे, तर सारंगियाच्या घरात वाढला होता. उस्ताद अमीर खाँ यांच्या चरित्राचे मर्म याच गोष्टीत आहे.

खाँसाहेबांचा जन्म १५ ऑगस्ट १९१२ रोजी झाला. कुळ मूळचे हरियाणातील कलानौरचे. वडील शाहमीर खाँ सारंगी व बीन वाजवीत आणि होळकर दरबारच्या सेवेत होते. भेंडीबाजार घराण्यातील छज्जू खाँ व नझीर खाँ यांच्या विद्येचा लाभ त्यांना झाला होता. अमीर नऊ वर्षांचा असतानाच मातेचे छत्र हरपले. अमीर आणि धाकटा बशीर या दोघा मुलांना वडिलांनी प्रथम सारंगीच शिकविली. पुढे मोठ्याचा ओढा कंठाकडे आहे हे पाहून त्यांनी त्याला गाण्याची तालीम दिली. बशीर खाँ मात्र सारंगीवादकच राहिले व इंदूरच्या आकाशवाणी केंद्रावर त्यांनी सेवा केली.

आज सारंगीविषयी आपल्याला आदर वाटतो. त्या काळी तसे नव्हते. सारंगिया हा साथीचा माणूस, कोठ्यांवरच्या गाण्याशी जोडलेला. विद्येचा खरा वारसा गवयाच्या मुलाकडेच जावा, असा दंडक होता. शाहमीर खाँ एकदा मुलाला घेऊन इंदुरातील एका थोर धृपदियाच्या घरी गेले, तेव्हा तेथे शिष्यांपुढे मेरुखंडाची चर्चा चालू होती; हे दोघे दिसताच ती थांबली व पोथी मिटली गेली, अशी आठवण सांगितली जाते. पित्याने तो अपमान गिळला, आणि तीच विद्या मुलाला देण्याचा निर्धार केला.

मेरुखंड म्हणजे स्वरांच्या सर्व संभाव्य क्रमांची मांडणी. चार स्वर घेतले तर २४ क्रम होतात, सात घेतले तर ५०४०. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने राहिलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त या गणिताचा विचार केलेला आहे. मात्र गणित पाठ करणे वेगळे आणि रागाचे नियम सांभाळून त्यातून भाव उभा करणे वेगळे. कित्येक वर्षांच्या मेहनतीने अमीर खाँ यांनी ही दुसरी गोष्ट साधली. शाहमीर खाँ यांच्या घरी शुक्रवारी गुणिजनांची बैठक जमे. देवासचे रजब अली खाँ, बीनकार मुराद खाँ यांच्यासारख्यांचे गाणे-वाजवणे या मुलाच्या कानांवर पडत होते. दरबाराने ज्याला साथीदाराच्या पायरीवर ठेवले, त्याच्या घरात असे गुरुकुल भरत होते!

१९३४ मध्ये ते मुंबईला आले. काही मैफली झाल्या, काही ध्वनिमुद्रिका निघाल्या. पण जम बसला नाही. १९३६ मध्ये वडिलांच्या सल्ल्याने त्यांनी रायगढ संस्थानचे संगीतप्रेमी महाराज चक्रधरसिंह यांची नोकरी धरली. महाराजांनी त्यांना मिर्झापूरच्या संगीत परिषदेत आपल्या वतीने गावयास पाठविले. थोरथोर कलावंत उपस्थित होते. खाँसाहेबांनी ख्याल आरंभिला, आणि पाव तासातच श्रोत्यांनी गोंगाट मांडला. ठुमरी गाऊन वेळ निभावून न्यावी, असे संयोजकांनी सुचविले. तिकडे आपला कल नाही, असे सांगून खाँसाहेबांनी नकार दिला. चोवीस वर्षांच्या, नाव नसलेल्या गायकाला हा नकार परवडण्याजोगा नव्हता. रायगढची नोकरी वर्षभरच टिकली. १९३७ मध्ये शाहमीर खाँ पैगंबरवासी झाले. त्यानंतर काही काळ दिल्लीत, काही काळ कलकत्त्यात काढून, फाळणीनंतर ते पुन्हा मुंबईस परतले.

या भटकंतीच्या वर्षांत त्यांची गायकी घडली. किराण्याचे अब्दुल वहीद खाँ यांच्यापासून अतिविलंबित आलापी, रजब अली खाँ यांच्यापासून तानेची झेप, भेंडीबाजारच्या अमान अली खाँ यांच्यापासून मेरुखंडी सरगमेचे सौंदर्य, असे तीन प्रवाह त्यांनी आत्मसात केले. त्यांतील बरेचसे त्यांनी केवळ ऐकून उचलले होते. तरीही हे गाणे जोडकाम वाटत नाही. चौदा मात्रांचा झूमरा ताल, तोही अतिशय संथ. तबल्यावर साधा, स्वच्छ ठेका. मंद्र सप्तकात हळूहळू उमलणारा राग. मारव्यात षड्ज दूर ठेवून ते श्रोत्याला ज्या हुरहुरीत ठेवीत, किंवा दरबारीतील गंधार ज्या धीमेपणाने आंदोलित करीत, त्याची साक्ष त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही देतात. तराण्यातील बोल निरर्थक नसून त्यांत फार्सी-अरबी शब्दांचा अर्थ दडला आहे, असे त्यांचे मत होते, आणि तराण्यात फार्सी रुबाई गुंफण्याची त्यांची रीत त्याच अभ्यासातून आली.

आक्षेपही पुष्कळ होते. अंतरा पुष्कळदा गाळला जातो, बंदिशीचा आकार दिसत नाही, लयीशी झुंज नाही, अशा तक्रारी जाणकार करीत. त्या निराधार नव्हत्या. खाँसाहेबांनी काही गोष्टी जाणून सोडल्या होत्या. जे सोडले त्याची किंमत ते ओळखून होते, असेच त्यांच्या गाण्यातील एकाग्रतेवरून वाटते.

१९४८ मध्ये होळकरांचे राज्य मध्य भारतात विलीन झाले. इतर संस्थानांचीही तीच गत झाली. गवयाचा पोशिंदा आता राजा नव्हे, तर तिकीट काढणारा श्रोता, नभोवाणी आणि बोलपट. मिर्झापूरचा प्रश्न पुन्हा उभा राहिला : पुष्कळांपर्यंत पोहोचायचे तर गाणे खाली आणावे लागते काय? १९५२ च्या 'बैजू बावरा' चित्रपटाने त्याला एक उत्तर दिले. नौशाद यांच्या संगीतात तानसेनासाठी अमीर खाँ आणि बैजूसाठी दत्तात्रेय विष्णु पलुसकर देसी रागात एकमेकांसमोर गायिले. कथेनुसार तानसेनाला हरायचे होते. इतक्या मोठ्या गायकाने हरणाऱ्याच्या बाजूने गावे, यात कमीपणा त्यांना वाटला नाही. रागाला मात्र त्यांनी कोठेही उणे येऊ दिले नाही. पलुसकर १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यामुळे त्या जुगलबंदीचे मोल आणखीच वाढले.

त्याच १९५५ मध्ये व्ही. शांताराम यांचा 'झनक झनक पायल बाजे' आला. वसंत देसाई यांनी त्याचे शीर्षकगीत अडाण्यात बांधले आणि खाँसाहेबांकडून गाऊन घेतले. दरबारीच्या खोलीत रमणारा हा गायक तिच्याच जवळच्या, पण तारसप्तकात खुलणाऱ्या रागात किती तेजाने झळकतो, हे गावोगावच्या थिएटरांनी ऐकले. पुढे १९५९ मध्ये 'गूँज उठी शहनाई' आणि १९६० मध्ये तपन सिंह यांचा बंगाली 'क्षुधित पाषाण' यांतही त्यांचा स्वर आला. ज्यांनी कधी मैफलीची पायरी चढली नव्हती, त्यांच्या ओठी या गीतांमुळे अडाणा आला. मात्र हे चित्रपटांतले गाणे म्हणजे त्यांच्या गायकीचा उंबरठा होय. आतले दालन मैफलीतच उघडे.

१९६७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९७१ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे एकसष्ट.

पंडित अमरनाथ, ए. कानन, श्रीकांत बाकरे, सिंह बंधू हे त्यांचे शिष्य. सतारवादक निखिल बॅनर्जी यांच्या आलापीतही त्यांची छाया स्पष्ट जाणवते. यांपैकी बहुतेकांचे आयुष्य इंदूरबाहेर गेले. तरी ज्या गायकीला ते बांधलेले राहिले, ती इंदूरचीच म्हणून ओळखली जाते. एका मुलापुढे मिटलेली पोथी अशी सर्वांसाठी खुली झाली. दरबार गेला, संस्थान गेले. या नगरीचे नाव मात्र एका सारंगियाच्या मुलाने रसिकांच्या ओठी ठेवले आहे.