अडगळ आणि दप्तरें : इतिहासाचार्य राजवाडे यांचें चरित्र

नाताळ जवळ आला म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील घरांत सारवण व चुना यांची धांदल सुरू होते. माळ्यावरील सामान अंगणांत येतें, आणि कोणती वस्तु ठेवावी व कोणती टाकावी याविषयीं सासूसुनांत वाद होतो. या वादांत आम्हीं आजवर नेहमीं सुनांची बाजू घेतली आहे. फुटके डबे, बूड गेलेल्या घागरी, पाय मोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि लग्नांत आलेल्या, पण कधींच चुलीवर न चढलेल्या पातेल्यांची उतरंड, यांनीं दोन खणांचें घर भरून टाकण्यांत शहाणपण नाहीं, असें आम्हीं जळगांव व धुळें भागांतील अनेक बैठकींतून सांगितलें. जुनेर मात्र टाकूं नये, त्याची गोधडी होते. पण हें आपल्या बायांना शिकविण्याचें कारण नाहीं.

तीन वर्षांमागें पांझरेकांठच्या एका गांवीं आम्हीं असाच उपदेश केला. पुढल्या वर्षीं त्या मंडळीची हकीकत लिहावी म्हणून आम्ही पुन्हां तेथें गेलों आणि मंडळीची जुनी वही मागितली. पहिल्या उपदेशकानें ती सुरू केली होती व त्याच्यामागून आलेल्यांनीं चालविली होती. प्रथम बाप्तिस्मा घेतलेल्या घराण्यांचीं नांवें, त्यांचीं मूळ गांवें आणि १९७२ सालच्या दुष्काळांत कोणाच्या घरीं किती धान्य पोंचविलें, हें सर्व तींत होतें. वही एका पत्र्याच्या पेटींत असे. आणि ती पेटी, आमच्याच शब्दाला मान देऊन, भंगारवाल्यास दिली गेली होती. घरधनीण मोठ्या कौतुकानें मोकळा झालेला कोपरा आम्हांस दाखवीत होती. तिला काय बोलावें? दोष आमचा होता.

तेव्हांपासून ज्या पुरुषाचें चरित्र आमच्या मनांत घोळत आहे, त्यानें आपल्या धुळें शहरांतच देह ठेवला. स्वतःचा पसारा त्याच्याइतका टाकून देणारे थोडे, आणि दुसऱ्यांनीं टाकलेलें त्याच्याइतकें उचलणाराहि विरळा.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ सालीं, आज ज्याला रायगड जिल्हा म्हणतात त्यांतील वरसई गांवीं झाला. बाळपणींच वडील वारले. शिक्षण पुण्यास झालें, पण सलग झालें नाहीं. पैशाच्या ओढीमुळें मध्यें खंड पडला, आणि डेक्कन कॉलेजांतून पदवी हातीं येईपर्यंत वयाची पंचविशी उलटून गेली होती. कांहीं काळ त्यांनीं शाळेंत शिकविलें. विवाह झाला होता. परंतु संसार मांडला न मांडला तोंच, त्यांच्या तिशीच्या सुमारास, पत्नी वारली. त्या काळच्या रीतीप्रमाणें दुसरा विवाह सहज झाला असता. त्यांनीं तो केला नाहीं, आणि शाळेची नोकरीहि सोडली.

येथून पुढें त्यांस घर असें राहिलें नाहीं. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण आणि हातानें रांधून खाण्यापुरतीं भांडीं, यांपलीकडे प्रपंचाचा पसारा त्यांनीं वाढविला नाहीं. ते आपला स्वयंपाक आपणच करीत. त्या काळीं पदवीधर फार थोडे होते, आणि अशा मनुष्यास सरकारी नोकरीचीं दारें उघडीं होतीं. बंगला, घोडागाडी, नोकरचाकर हें सर्व त्यांस मिळूं शकलें असतें. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं सामान कमी आहे तें दारिद्र्यामुळें, आणि त्यांत आपली कांहीं मोठी करणी नाहीं. राजवाड्यांनीं तें जाणूनबुजून कमी केलें, कारण त्यांस मोकळे पाय व मोकळा दिवस हवा होता. कशासाठीं, तें आतां सांगतों.

१८९४ सालीं त्यांनीं ‘भाषांतर’ नांवाचें मासिक काढलें. इतर देशांतील थोर ग्रंथ मराठींत आणावे हा त्याचा हेतु होता. तें थोडींच वर्षें चाललें. परंतु याच सुमारास वाई येथें एका जुन्या घरांतील कागद त्यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांच्या आयुष्याचें काम ठरून गेलें. पानिपतच्या युद्धाच्या, म्हणजे १७६१ च्या, आधींचीं पत्रें त्यांत होतीं. तीं त्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या नांवाच्या मालेचा पहिला खंड म्हणून छापलीं. या मालेचे पुढें एकंदर २२ खंड निघाले.

हे कागद होते कोठें? १८१८ त पेशवाई बुडाली. सरदार, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, सावकार यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्यांचे कागद कापडाच्या रुमालांत बांधलेले पडून होते. ते मोडी लिपींत होते. आणि जुनीं वळणें वाचणारे आजे-पणजे जसजसे गेले, तसतसे ते कागद घरच्यांनाच मुके झाले. मग त्यांना कोण जपतो? कांहीं वाळवीनें खाल्ले, कांहीं उंदरांनीं. कांहीं धाब्यांतून गळणाऱ्या पाण्यानें कुजले. कांहींच्या वाण्याच्या दुकानीं पुड्या झाल्या. कित्येक घरीं बायांनीं ते भिजवून, कुटून, लगद्याच्या टोपल्या केल्या. त्या घरच्या लोकांस आपण हंसूं नये. त्यांनीं अडगळच काढली. आमच्यासारख्या कोणी शहाण्यानें त्यांस तसें सांगितलेंहि असेल.

राजवाडे अशा घरांच्या शोधांत गांवोगांव हिंडले, आणि त्यांतील पुष्कळ वाट पायींची होती. एखाद्या वाड्याच्या दारीं जावें, मालकाशीं गोडीनें बोलावें आणि दप्तर पाहूं द्या अशी विनवणी करावी. मालकास वाटे, हा परका मनुष्य आमच्या जमिनीच्या सनदा पाहून कज्जा उभा करील, किंवा आमच्या आजाचें कर्ज चव्हाट्यावर मांडील. म्हणून कोठें रुमाल सुटे, कोठें दार बंद होई. आणि कोठें दार उघडून आंत पाहावें, तों वाळवीची माती तेवढी उरलेली असे. उपदेशकाचें काम करणाऱ्या आमच्या बंधूंस हा अनुभव वेगळ्या रीतीनें ठाऊक आहेच.

कागद मिळाला म्हणजे काम संपलें असेंहि नव्हे. जुन्या पत्रांत पुष्कळदां मुसलमानी महिन्याचा चंद्र तेवढा लिहिलेला असतो, साल नसतें. तें पत्र कोणत्या वर्षाचें, हें त्यांतील माणसें, मुक्काम व प्रसंग दुसऱ्या पत्रांशीं ताडून ठरवावें लागतें. हें काम राजवाड्यांनीं शेंकडों पत्रांविषयीं केलें. राजांच्या पत्रांइतकेंच लक्ष त्यांनीं गांवांच्या व आडनांवांच्या याद्यांना, खेड्यांतील शब्दांना आणि जुन्या पोथ्यांना दिलें. ज्ञानेश्वरीची एक फार जुनी प्रत त्यांस सांपडली. ती त्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केली.

येथें आपल्या पवित्र शास्त्रांतील एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. योशीया राजाच्या कारकीर्दींत मंदिराची डागडुजी चालली असतां हिल्कीया याजकास नियमशास्त्राचा ग्रंथ सांपडला. तो ग्रंथ बाहेरच्या कोणी चोरून नेला नव्हता. तो घरांतच होता, आणि घरच्यांस त्याचा विसर पडला होता. सुतार-गवंडी तेथें झाडलोट करीत असतां हिल्कीयानें तो उचलला नसता, तर काय झालें असतें, याचा विचार आम्ही पूर्वीं कधीं केला नव्हता.

१९१० सालीं राजवाड्यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. तें आजहि आहे. परंतु स्वभाव अति तापट, शब्द तीक्ष्ण, आणि तडजोड ठाऊक नाहीं. स्वतः उभारलेल्या त्या संस्थेशींहि त्यांचें पटलें नाहीं. वस्तूंचा लोभ सोडलेल्या मनुष्यास आपल्या मताचा लोभ सुटतोच असें नाहीं. त्यांचीं सर्व मतें आम्हांस मान्य नाहींत. चातुर्वर्ण्याविषयींचीं तर मुळींच नाहींत. त्यांनीं दिलेल्या पुष्कळ शब्दांच्या व्युत्पत्ति पुढल्या विद्वानांनीं नाकारल्या आहेत. तथापि ज्या कागदांवरून त्यांच्याशीं भांडावयाचें, ते कागदहि पुष्कळ अंशीं त्यांनींच वांचविलेले आहेत.

शेवटचीं वर्षें त्यांनीं धुळ्यास काढलीं. येथें समर्थ रामदासांच्या वाङ्मयाचा शोध करणारे शंकर श्रीकृष्ण देव व इतिहासाचे अभ्यासक भास्कर वामन भट यांच्यासारखे स्नेही त्यांस लाभले. १९२२ त ‘राधामाधवविलासचंपू’ व १९२४ त ‘महिकावतीची बखर’ हे जुने ग्रंथ त्यांनीं विस्तृत प्रस्तावनांसह बाहेर आणले. मराठी क्रियापदांच्या मूळ धातूंचा कोश करण्याचें काम चालूं होतें. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यांतच त्यांचा अंत झाला.

वांटणी करण्यासारखें मागें कांहीं नव्हतें. होते ते कागद. पुढल्याच महिन्यांत, म्हणजे जानेवारी १९२७ मध्यें, धुळ्याच्या स्नेह्यांनीं त्यांच्या नांवानें राजवाडे संशोधन मंडळ स्थापिलें, आणि तीं टिपणें व दप्तरें तेथें ठेविलीं. धातुकोशहि पुढें छापला गेला. बाजाराला धुळ्यास जाणाऱ्या वाचकांनीं कधीं तास-दोन तास काढून हें मंडळ पाहावें. त्या पोथ्या व रुमाल पाहतांना आम्हांस मात्र सारखी ती पत्र्याची पेटी दिसत होती.

त्या वहीचा माग आम्हीं काढून पाहिला. भंगारवाल्याकडून ती रद्दींत गेली, आणि रद्दी कागदाच्या गिरणीकडे. तेव्हां यंदा पावसाळा संपल्यावर आम्ही कोरी वही घेऊन त्या मंडळींतील सर्वांत वृद्ध आजीबाईंजवळ बसलों. खाटेवर बसून, डोळे मिटून, त्यांनीं एकेक घर सांगावें आणि आम्हीं लिहावें. दुष्काळांत कोणाच्या घरीं सुकडी आली, लाल मिलो ज्वारी कोणीं कोणास दिली, हेंहि त्यांस ठाऊक होतें. सून मधून मधून येऊन सांगे कीं, आतां पुरे, थकतील. पण त्या थांबल्या नाहींत. शेवटीं वेशीजवळच्या एका घरीं त्या वर्षीं वारलेल्या तान्ह्या मुलीचें नांव कांहीं केल्या त्यांस आठवेना. तेथें आम्हीं जागा कोरी ठेवली आहे. त्यांची धाकटी बहीण शिरपुराकडे दिलेली आहे. तिला विचारावयास आम्ही पुढील आठवड्यांत जाणार आहों.