विश्लेषण : नेटवर्कच्या रांगेत आधी कोण? एरलांग यांनी मांडलेले गणित

व्हिडिओ कॉल सुरू असताना घरात कोणी सिनेमा डाउनलोड करायला घेतला, की समोरच्याचा आवाज तुटू लागतो. वाट एकच असते आणि माल दोन प्रकारचा. फैजपूर-सावदा-रावेर पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. कापलेली केळी वाटेत थांबली तर माल जातो. खताची पोती दोन दिवस उशिरा आली तरी बिघडत नाही. नेटवर्कमध्ये बोलणे म्हणजे केळी आणि डाउनलोड म्हणजे पोती. कोणाला आधी सोडायचे, याला ‘प्राधान्यक्रम’ म्हणतात. पण त्याआधीचा प्रश्न असतो, मुळात रांग लागते का आणि किती? त्याचे उत्तर शंभरेक वर्षांपूर्वी डेन्मार्कच्या एका गणितज्ञाने दिले. त्यांचे नाव आग्नेर क्रारुप एरलांग.

शिक्षकाचा मुलगा

एरलांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधील लोन्बोर्ग या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेत शिक्षक. मोठा भाऊ पुस्तक वाचत बसला, की आग्नेर समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचत असे. वयाच्या १४व्या वर्षी, वय कमी असल्याने खास परवानगी काढून, त्यांनी कोपनहेगन विद्यापीठाची परीक्षा दिली आणि ते विशेष गुणवत्तेने उत्तीर्ण झाले. १९०१ मध्ये गणिताची पदवी मिळाली. पुढची काही वर्षे त्यांनी शाळांमध्ये शिकवण्यात घालवली.

गणितज्ञांच्या मंडळात त्यांची योहान येन्सेन यांच्याशी ओळख झाली. येन्सेन स्वतः नामवंत गणितज्ञ आणि कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता होते. त्यांच्यामुळे १९०८ मध्ये एरलांग या कंपनीत दाखल झाले.

किती लाइन पुरतील?

कंपनीपुढची अडचण साधी होती. लाइन जास्त टाकल्या तर पैसा वाया, कमी टाकल्या तर ग्राहकाला फोन लागत नाही. १९०९ मध्ये एरलांग यांनी दाखवून दिले, की एकमेकांशी संबंध नसलेले कॉल योगायोगाने येतात. पण त्या योगायोगालाही गणिताचा नियम असतो. १९१७ मध्ये त्यांनी कॉल न लागण्याच्या आणि वाट पाहण्याच्या प्रमाणाची सूत्रे दिली.

एक उदाहरण घेऊ. तासाला सरासरी २० कॉल, प्रत्येक ३ मिनिटांचा. म्हणजे एकूण ६० मिनिटांचे बोलणे. हिशेबाने एक लाइन पुरायला हवी. पण कॉल पाळीपाळीने येत नाहीत. एरलांग यांच्या सूत्रानुसार एका लाइनवर निम्मे कॉल लागणारच नाहीत. दोन लाइन असतील तर पाचांतला एक अडेल. चार लाइनवर हे प्रमाण दीड टक्क्यावर येते.

वाट पाहण्याचे गणितही असेच बोलके. मार्ग ५० टक्के भरलेला असेल तर सरासरी एका कामाइतके थांबावे लागते, ८० टक्क्यांना चार कामांइतके आणि ९० टक्क्यांना नऊ कामांइतके. शेवटची थोडी गर्दीच नेटवर्क अडवते, ती अशी.

मोजण्यासाठी एरलांग प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत. शिडी घेतलेल्या कामगारासोबत ते कोपनहेगनच्या रस्त्यांवर फिरत आणि जमिनीखालच्या केबलच्या खड्ड्यांत उतरत.

प्राधान्य कधी?

एवढे करूनही वाट अपुरी पडली, तर निवड करावी लागते. आपल्याकडे ट्रंक कॉलच्या काळात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे वर्ग होते. जास्त दर मोजणाऱ्याचा नंबर आधी लागे. अशा वर्गवार रांगेत कोण किती थांबेल, याचे गणित अॅलन कोबहॅम यांनी १९५४ मध्ये मांडले. आजचा राउटर प्रत्येक पॅकेटवरची खूण पाहून आवाजाला पुढे काढतो. कारण आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला साधारण १५० मिलिसेकंदांत पोहोचला नाही, तर संभाषण अडखळू लागते.

पण प्राधान्याने वाट रुंद होत नाही. एकाचे थांबणे दुसऱ्याच्या वाट्याला जाते. सगळ्यांनाच पुढे काढले, तर कोणीच पुढे जात नाही. म्हणूनच पुढे कोणाला काढायचे हा केवळ तांत्रिक प्रश्न उरत नाही. भारताने २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वे स्वीकारली. पैसे घेऊन एका साइटला वेग आणि दुसरीला अडथळा, असा भेद त्यात मान्य नाही. वाजवी वाहतूक नियोजन आणि अत्यावश्यक सेवांना मात्र सवलत आहे.

नाव मागे उरले

एरलांग यांनी लग्न केले नाही. पुस्तकांचा मोठा संग्रह केला. गरजू लोक मदत मागायला थेट प्रयोगशाळेत येत आणि ते गाजावाजा न करता देत. जवळपास २० वर्षांच्या नोकरीत आजारपणाची एकही रजा न घेतलेले एरलांग पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ३ फेब्रुवारी १९२९ रोजी गेले. वय ५१. १९४६ मध्ये दूरध्वनी वाहतुकीच्या एककाला त्यांचे नाव मिळाले. एक लाइन तासभर सतत व्यग्र राहिली, की ती एक एरलांग वाहतूक. वरच्या उदाहरणातले ६० मिनिटांचे बोलणे म्हणजे नेमके तेवढेच.

आवाज तुटू लागला की आधी कोणाला सोडायचे, यावर वाद होतो. एरलांग यांचा क्रम वेगळा होता. आधी गर्दी मोजा, मग वाट पुरेशी करा, आणि तरीही कमी पडली तरच कोणाला थांबवायचे ते ठरवा.